समुद्रापासून शंभर किलोमीटर आत: हॅम्बुर्गमधला आठवडा

बुधवार

हॅम्बुर्गला समुद्र नाही. युरोपातलं तिसऱ्या क्रमांकाचं बंदर, बर्लिनखालोखाल जर्मनीतलं सर्वांत मोठं शहर, वस्ती एकोणीस लाखांच्या घरात. आणि समुद्र शंभर-एकशे दहा किलोमीटर लांब. मुंबईची गोदी उचलून तळेगावात नेऊन ठेवावी, तसा हा प्रकार. माझी सगळी नोकरी न्हावा-शेव्याच्या मालाची कागदपत्रं करण्यात गेली. बिल ऑफ लेडिंगवर ‘पोर्ट ऑफ डिस्चार्ज’च्या रकान्यात हॅम्बुर्ग कितीदा टाइप केलं असेल, देव जाणे. पण ते एल्ब नदीकाठचं गाव आहे याचा कधी विचारच केला नव्हता. कागदावर सगळी बंदरं सारखीच दिसतात.

भाचा विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या त्याने तंबी दिली, “मामा, समुद्र कुठेय असं कोणाला विचारू नकोस. सगळे तेच विचारतात.” घरी चहा झाला, बायको आडवी झाली, आणि आम्ही दोघं संध्याकाळी लांडुंग्सब्रुकेनला गेलो. हा इथला प्रवासी धक्का. पण जमिनीवर बांधलेला नाही, पाण्यावर तरंगतो. पावणेसातशे-सातशे मीटर लांबीचे तराफे साखळ्यांनी बांधलेले आहेत आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतात. काठावरून तराफ्यावर उतरायच्या पुलांचा उतार त्यामुळे तासातासाला बदलतो. समुद्र इतका लांब असूनही इथे दिवसातून दोनदा पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं आणि उतरतं.

६२ नंबरची फेरी बोट पकडली. शहरातल्या लोकल आणि बसचं तिकीट या बोटीला चालतं, त्यामुळे पर्यटकांसाठीच्या महागड्या सफरीपेक्षा भाचा सगळ्यांना हीच दाखवतो. डावीकडे जहाजबांधणीचे तरंगते ड्राय डॉक, आत रंगकामाला उभी असलेली जहाजं. उजवीकडे घरं, हॉटेलं, चर्चचे मनोरे. मधे पाण्याचा पट्टा काही फार रुंद नाही. मुंबईत भाऊच्या धक्क्यापासून वडाळ्यापर्यंत गोदीच्या भिंतीआड बंदर लपलेलं आहे. हयातभर मुंबईत राहूनही जहाज जवळून न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. इथे जेवणाच्या टेबलावरून क्रेन दिसतात.

ओव्हेलग्योनला उतरलो. हा नदीकाठचा वाळूचा किनारा. लोक चटया टाकून बसले होते, कोणी शेगडीवर सॉसेज भाजत होतं, पोरं पाण्यात. समोर बुर्खार्डकाय टर्मिनलच्या क्रेन. तेवढ्यात एक चारशे मीटरचं कंटेनर जहाज टगांच्या सोबतीने समोरून गेलं. जहाज पुढे गेल्यावर आधी काठचं पाणी मागे ओढलं गेलं, आणि मग लाटा आल्या. शेजारच्या बाईंनी न बघता चपला उचलून वर ठेवल्या. त्यांना वेळ पाठ होती.

याच किनाऱ्यावर एक प्रचंड धोंडा आहे, २१७ टनांचा. १९९९ मध्ये नदीचं पात्र खोल करताना तो गाळात सापडला. दगड स्वीडनच्या दक्षिण भागातला. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने तो इथवर ढकलत आणला. या नदीचं रुंद, सपाट खोरं बर्फ वितळलेल्या पाण्याने कोरलेलं आहे. त्याचा खडकाळ, खोल समुद्राशी काही संबंध नाही. मुंबईला निसर्गाने आयतं बंदर दिलं. हॅम्बुर्गला गाळाची नदी दिली, आणि माणसं तेव्हापासून तो गाळ उपसत आहेत.

रात्री साडेनऊला परत निघालो तेव्हा लख्ख उजेड होता. जूनमध्ये इथे सूर्य मावळायला दहा वाजत येतात.

गुरुवार

आजचा दिवस गोदामांचा. माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे बायकोने आधीच जाहीर केलं, की दुपारनंतर ती आणि भाचेसून बाजारात जाणार.

श्पायखरश्टाट म्हणजे लाल विटांच्या गोदामांची दीडेक किलोमीटर लांबीची वस्ती. पाच-सात मजली इमारती, ओकच्या लाकडाच्या हजारो खुंटांवर उभ्या. प्रत्येक गोदामाला दोन तोंडं: एक रस्त्याला, एक कालव्याला. छपराच्या टोकाशी तांब्याच्या टोपीखाली कप्पी असते. भरतीच्या वेळी कालव्यातून पडाव यायचे, पोती दोराला अडकवून वरच्या मजल्यावर घ्यायची, आणि माल विकला की दुसऱ्या बाजूने गाडीत उतरवायची. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. कालव्याच्या तळाचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यात एक सायकल रुतलेली दिसत होती.

इथल्या छोट्या संग्रहालयात मी तासभर रमलो. काचेच्या कपाटात पोती शिवायचे दाभण, माल ओढायचे लोखंडी आकडे, तराजू, आणि परखी! पोत्यात खुपसून आतला दाणा बाहेर काढायची ती टोकदार पोकळ नळी. मस्जिद बंदरच्या दाणाबाजारात अडत्याच्या हातात असते तशीच. फरक एवढाच की इथली कॉफीसाठी. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. पोत्यांचं वजन, प्रत, ओल तपासणारे आणि माल सांभाळणारे कसबी लोक इथे भागीदारीत फर्म काढून काम करत. त्यांच्या खाली रोजंदारीवर पाठीवरून ओझी वाहणारे हमाल. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये बंदरातल्या कामगारांनी संप केला, तो अकरा आठवडे भर थंडीत चालला आणि हरला. आमच्याकडे माथाडी कायदा १९६९ चा. इथल्या हमालांचे वाकलेले फोटो पाहताना अण्णासाहेब पाटलांची आठवण न येती तर नवल.

ही गोदामं बांधायचं कारण जकात. हॅम्बुर्ग हे शतकानुशतकं स्वतंत्र शहर-राज्य. आजही ते जर्मनीतलं एक स्वतंत्र राज्य आहे आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘हान्सा शहर’ (हान्सा म्हणजे मध्ययुगीन व्यापारी शहरांचा संघ) ही जुनी पदवी मिरवतं. जर्मन साम्राज्य १८७१ मध्ये झालं तरी हॅम्बुर्गचे व्यापारी साम्राज्याच्या जकात क्षेत्राबाहेरच राहिले. बिस्मार्कने बराच दाब टाकल्यावर तडजोड झाली: शहर जकातीच्या कक्षेत येईल, पण बंदराचा एक भाग मुक्त राहील. तिथे माल उतरवा, साठवा, निवडा, मिसळा, पुन्हा पाठवा, कर नाही. १८८८ मध्ये सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या हस्ते या मुक्त बंदराचं उद्घाटन झालं. ते पुढे २०१२ अखेरपर्यंत चाललं. युरोपीय संघातल्या देशांमध्ये आपापसात जकातच उरली नाही म्हटल्यावर त्याची गरज संपली.

उद्घाटनाच्या फोटोखाली जे छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते महत्त्वाचं. ही जागा मोकळी नव्हती. तिथे वीसेक हजार माणसं राहत होती: एका बाजूला गोदी कामगारांच्या दाट चाळी, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांचे जुने वाडे. सगळं पाडलं. व्यापाऱ्यांनी तळ्याकाठी बंगले बांधले. कामगारांना पर्यायी घरं कोणी दिली नाहीत. ते शहरातल्या आधीच तुडुंब भरलेल्या गल्ल्यांत जाऊन कोंबले गेले. चारच वर्षांनी त्या गर्दीचं काय झालं ते उद्याच्या मजकुरात येईल.

गोदामांत आता कॉफी-कोको जवळजवळ नाही. गालिचे मात्र अजून आहेत. इराणी, अफगाणी गालिचांचे ढीग दारातून दिसतात. बाकी जाहिरात कंपन्या, संग्रहालयं आणि छोट्या रेल्वेगाड्यांचं ते जगप्रसिद्ध प्रदर्शन, ज्याची रांग बघून मी मागे फिरलो.

एका पुलावर, कोर्नहाउसब्रुकेवर, वास्को द गामा आणि कोलंबस यांचे दगडी पुतळे आहेत. कालिकतच्या मिरीसाठी आलेला माणूस जर्मनीत कशाला, असं बायकोने विचारलं. त्या मिरीवरच तर हे गाव श्रीमंत झालं. स्वतःचं एकही जहाज भारताकडे पाठवायच्या आधीपासून लिस्बन आणि ॲमस्टरडॅमचा मसाला इथे येई, आणि एल्बमार्गे आत बोहेमियापर्यंत, म्हणजे आजच्या चेकियापर्यंत जाई.

त्या पलीकडे हाफेनसिटी. जुन्या धक्क्यांच्या १५७ हेक्टर जागेवर वसवलेलं नवं उपनगर. इमारती पुरापासून वाचाव्यात म्हणून जमीनच भर घालून समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच केली आहे. टोकाला एल्बफिलहारमोनी हे संगीत सभागृह. खाली १९६० च्या दशकातलं विटांचं कोको गोदाम, त्याच्या डोक्यावर काचेची लाट. २०१७ मध्ये उघडलं तेव्हा एकूण खर्च ८६ कोटी युरोंच्या वर गेला होता. सुरुवातीला करदात्यांना सांगितलेला आकडा ७७ दशलक्ष, म्हणजे पावणेआठ कोटी होता. आपल्याकडचीच सरकारी कामं रखडतात असं मानणाऱ्यांनी इथे अवश्य यावं. ३७ मीटरवरच्या गच्चीतून दिसणारं बंदर मात्र पैसे वसूल करतं.

शुक्रवार

सकाळी नगरभवनाच्या चौकात गेलो, पण बघायचं होतं ते सेंट निकोलाय. त्या चर्चची गोष्ट अशी. ५ मे १८४२ च्या पहाटे डाइखश्ट्रासं या कालव्याकाठच्या गल्लीत आग लागली. कोरडा वारा होता. तीन दिवसांत जुन्या शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळाला, ५१ माणसं गेली, वीस हजार बेघर झाली. आग रोखायला जुनं नगरभवन दारू लावून उडवलं, तरी ती थांबली नाही. शहराचा नवा रेल्वेमार्ग दोन दिवसांनी समारंभाने सुरू व्हायचा होता. तो त्याच दिवशी निर्वासित वाहायला सुरू झाला. या आगीत मूळचं निकोलाय चर्च गेलं.

नव्या चर्चसाठी स्पर्धा झाली आणि काम मिळालं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाला. नाव ओळखीचं वाटतं? मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर याच गृहस्थाचे. मुंबईला तो कधी आला नाही, आराखडे इंग्लंडातून पाठवले. हॅम्बुर्गचा मनोरा १८७४ मध्ये पुरा झाला. १४७ मीटर, आणि दोन-तीन वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत. राजाबाई टॉवर चारच वर्षांनी, १८७८ मध्ये उभा राहिला. फोर्टमध्ये बँकेच्या कामाला जाताना मी तो रोज पाहायचो. इथे मान वर करून पाहिलं आणि तीच नक्षीदार गॉथिक टोकं दिसली. फक्त धुराने काळीठिक्कर.

काळी, कारण १९४३. जुलैच्या शेवटी ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी दहा दिवस या शहरावर बॉम्ब टाकले. बंदर, पाणबुड्यांचे कारखाने हे लक्ष्य, आणि कामगारांची घरंही. २७-२८ जुलैच्या रात्री हामरब्रूक भागात आगीचं वादळच उठलं. मृतांचे अंदाज ३४ हजारांपासून ४० हजारांपर्यंत जातात. वैमानिकांना खूण म्हणून हाच मनोरा उपयोगी पडला. इंग्रजाने बांधलेला मनोरा पाहत इंग्रज विमानं आली. चर्च पडलं, मनोरा उरला. आता आत छत नाही, फक्त भिंतींचे कणे आणि लिफ्ट. वर ७६ मीटरवर जाऊन चार दिशांना लावलेले १९४३ चे फोटो आणि समोरचं आजचं शहर एकाच वेळी बघता येतं. बायको अर्ध्यातच खाली उतरली.

आता कालची राहिलेली गोष्ट. १८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलरा आला. आगीनंतर विल्यम लिंडली नावाच्या इंग्रज इंजिनीअरने शहराला नळ आणि गटारं दिली होती, त्या काळी युरोपात नावाजलेली. पण नळाचं पाणी एल्बचं, न गाळलेलं. गाळणी बसवायचा खर्च व्यापाऱ्यांचं सरकार वर्षानुवर्षं पुढे ढकलत होतं. शेजारच्या अल्टोनाला तर हॅम्बुर्गची घाण वाहून खाली आलेलं पाणी मिळे, पण तिथे वाळूतून गाळायची सोय होती. अल्टोना १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाचं, नंतर प्रशियाचं, कारभार वेगळा. परिणाम असा, की दोन्ही गावांच्या हद्दीवरच्या रस्त्यात एका बाजूच्या घरांत माणसं मरत होती आणि दुसऱ्या बाजूची ठणठणीत होती. रोग पाण्यातून पसरतो की हवेतून, हा तोवर विद्वानांत वाद होता. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला होता, तरी बऱ्याच जणांना पटत नव्हतं. त्या रस्त्याने वादाचा निकाल लावला.

हॅम्बुर्गच्या सरकारने साथ जाहीर करायलाही दिवस लावले. जाहीर केलं की जहाजांना विलगीकरण, माल अडकणार, बंदर ठप्प. बंदर वाचवायला गेले आणि सुमारे ८,६०० माणसं गमावली. त्यातली बहुतेक कामगारांच्या गल्ल्यांतली. गाळणीचं काम त्यानंतर झपाट्याने पुरं झालं. त्याच उन्हाळ्यात पॅरिसमध्ये वाल्देमार हाफकिन स्वतःला कॉलऱ्याची लस टोचून घेत होता. पुढच्या वर्षी तो भारतात आला, आणि परळची संस्था आज त्याच्या नावाने आहे.

संध्याकाळी मिखेल चर्चजवळून परतत होतो. तिथे मनोऱ्यावरून रोज एक जण चारही दिशांना तुतारीसारखं वाद्य वाजवतो. ऐकायला थांबलो असतो, पण पाय बोलत होते.

शनिवार

पाऊस. हॅम्बुर्गकर त्याला पाऊस म्हणत नाहीत, तेवढ्या पाण्यात ते सायकल चालवतात. आल्स्टर तळ्याभोवती थोडं फिरलो. हे तळंही मानवनिर्मित. तेराव्या शतकात गिरणीसाठी बांध घातला आणि नदीचं तळं झालं.

तळ्याकाठी अटलांटिक हे पांढरंशुभ्र हॉटेल आहे. अमेरिकेला जाणाऱ्या बड्या प्रवाशांसाठी १९०९ मध्ये बांधलेलं. ११ सप्टेंबर १९४२ ला इथे सुभाषबाबूंच्या उपस्थितीत जर्मन-भारतीय संस्थेची स्थापना झाली आणि वाद्यवृंदावर ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून पहिल्यांदा वाजवलं गेलं. आत जाऊन कॉफी प्यावी असं मनात होतं. दर पाहून बाहेरूनच नमस्कार केला.

बड्यांसाठी अटलांटिक, तर गरिबांसाठी नदीपलीकडे फेडेल बेटावर बराकी होत्या. पूर्व युरोपातले शेतकरी, ज्यू कुटुंबं, सगळे अमेरिकेच्या वाटेवर इथे थांबत. १८५० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत पन्नासेक लाख माणसं हॅम्बुर्गमधून देश सोडून गेली. आल्बर्ट बालिन या जहाज कंपनीच्या संचालकाने त्या बराकी बांधल्या, कॉलऱ्यानंतर अशा स्थलांतरितांवर सगळा ठपका आला होता म्हणून स्वच्छ आणि शहरापासून दूर. ज्यू प्रवाशांसाठी वेगळं स्वयंपाकघरही होतं. आता तिथे संग्रहालय आहे. प्रवाशांच्या याद्या बघितल्या. हस्ताक्षर सुरेख, रकाने नेमके: नाव, वय, धंदा, गाव. कारकुनाचं काम मला लगेच कळतं.

रविवार

पहाटे साडेपाचला मासळी बाजार. १७०३ पासून भरतो, रविवारीच, आणि चर्चची वेळ व्हायच्या आत संपवायचा हा जुना नियम. उन्हाळ्यात पाच ते साडेनऊ. ससून डॉकची सवय असलेल्या माणसाला मासळी कमीच वाटेल. बाजार म्हणजे खरं तर आरडाओरड्याचा जलसा. विक्रेते ट्रकच्या मागच्या फळीवर उभे राहून गिऱ्हाइकांची टिंगल करतात, धुरावलेल्या ईल माशांची पिशवी भरत जातात, “अजून एक टाकू? हा घे, हा पण घे!” आणि शेवटी सगळं मिळून दहा युरो. केळ्यांचा अख्खा घड कोणीतरी गर्दीत भिरकावला. शेजारच्या १८९६ च्या लिलावगृहात त्या वेळी रॉक बँड चालू होता आणि रात्रभर न झोपलेली तरुण मंडळी नाचत होती. बायकोने खारवलेल्या हेरिंगचा पाव घेतला, कांद्यासकट. तिला आवडला. मला सुक्या बोंबलाची आठवण झाली आणि मी दुसरा घेतला.

तिथून चालत जुन्या एल्ब बोगद्यात. १९११ चा हा बोगदा नदीखालून, जमिनीपासून चोवीस मीटर खोलवर जातो, ४२६ मीटर लांब. पलीकडच्या जहाज कारखान्यांत रोज हजारो कामगार जायचे. बोटी पुरेनात आणि धुक्यात, बर्फात बंद पडायच्या. पूल बांधावा तर उंच शिडांच्या जहाजांना अडथळा. म्हणून जमिनीखालून. खोदताना पाणी आत येऊ नये म्हणून दाबाखालची हवा भरली होती, आणि त्या हवेत काम करून शेकडो मजूर सांधे धरून आजारी पडले. भिंतीवर पांढऱ्या-निळसर टाइल्स, मधे मधे मातीच्या भाजलेल्या चित्रफरश्या: मासे, खेकडे, आणि एका ठिकाणी जुना बूट आणि त्याभोवती उंदीर. बोगदा बांधणाऱ्याला नदीच्या तळाशी काय असतं ते चांगलं माहीत होतं.

पलीकडच्या काठावर वर आलं की पूर्ण शहर एका रांगेत समोर दिसतं. शहराचा फोटो काढायची उत्तम जागा हीच.

तिथेच भाच्याने मोबाइलवर एक नकाशा दाखवला. थोडं वरच्या अंगाला मोल्डाउहाफेन नावाची गोदी आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने समुद्र नसलेल्या चेकोस्लोव्हाकियाला इथे जागा दिली, १९२९ पासून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. तो पट्टा २०२८ ला संपतो. एल्ब चेकियाच्या डोंगरात उगम पावते; प्रागचा माल पाण्याने सरळ इथे येऊ शकतो. शीतयुद्धात लोखंडी पडदा हॅम्बुर्गच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर पडला, तेव्हा या बंदराचा अर्धा मुलूखच तुटला होता. १९८९ नंतर तो परत मिळाला. बंदर समुद्रापासून इतकं आत असण्याचा फायदा हाच: बोटीचं वहन सर्वांत स्वस्त, ते शक्य तितकं आत आणायचं आणि तिथून रेल्वेने पुढे. मालगाड्यांच्या वाहतुकीत हॅम्बुर्गची बरोबरी करणारं बंदर युरोपात नाही.

सोमवार

भाच्याने रजा टाकली आणि गाडीने नदीच्या दक्षिणेला नेलं. विल्हेल्म्सबुर्ग बेटावरून जाताना बांध दिसले, हिरवे, उंच, वर मेंढ्या चरणारे. १६-१७ फेब्रुवारी १९६२ च्या रात्री उत्तर समुद्रातलं वादळी उधाण नदीतून आत घुसलं आणि बांध साठेक ठिकाणी फुटले. हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली, बहुतेक याच सखल बेटावरची. युद्धात घर गेल्यामुळे तात्पुरत्या खोपटांत राहणारी बरीच होती. शहराचा गृहखात्याचा प्रमुख तेव्हा हेल्मुट श्मिट होता. कायद्याची फारशी वाट न बघता त्याने लष्कर आणि हेलिकॉप्टरं बोलावली. बारा वर्षांनी तो चान्सलर झाला.

मग आल्टनवेर्डर. याच्यासाठीच मी आजचा दिवस मागितला होता.

महामार्गाच्या कडेला झाडीतून एकदम चर्चचा टोकदार मनोरा वर येतो. आजूबाजूला घर नाही, दुकान नाही. चर्चच्या मागे स्मशानभूमी, नीट राखलेली, फुलं ताजी. आणि तिच्यापलीकडे झाडांच्या वर कंटेनर टर्मिनलच्या क्रेन. हे मच्छीमारांचं आणि फळबागांचं गाव होतं. १९७०च्या दशकात सरकारने ठरवलं की बंदराला ही जागा लागणार. एकेक घर विकत घेतलं, पाडलं. काही जण कोर्टात गेले, काही हटून बसले. १९९८ पर्यंत शेवटचे लोकही गेले. चर्च आणि थडगी तेवढी ठेवली. गावकरी अजून प्रार्थनेला येतात. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ झारीने एका थडग्याला पाणी घालत होते. “मोइन,” म्हणाले, आम्हीही “मोइन” म्हणालो. पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

२००२ मध्ये सुरू झालेलं हे टर्मिनल त्या काळी जगातलं सर्वांत आधुनिक मानलं गेलं. क्रेनखालून कंटेनर घेऊन जाणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हर नाही. जमिनीत पुरलेल्या खुणा वाचत त्या आपापल्या वाटेने जातात, एकमेकींना थांबून जागा देतात. मी न्हावा-शेव्याच्या गेटवरच्या ट्रेलरच्या रांगा डोळ्यांसमोर आणल्या आणि गप्प बसलो. पण आकडे बघितले तर हॅम्बुर्गने २०२३ आणि २०२४ मध्ये वर्षाला ७७-७८ लाख कंटेनर हाताळले (वीस फुटी मोजमापाने), आणि आमचं जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेवा, २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास पोचलंय. रांगा लावूनही.

गाडीत विषय अर्थातच वाढवणवर आला. डहाणूजवळचं ते नवं बंदर: ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी, ७६ हजार कोटींचा खर्च, किनाऱ्यापाशीच वीस मीटर नैसर्गिक खोली. आणि त्याला वर्षानुवर्षं विरोध करणारी मच्छीमार गावं. भाचा बंदराच्या बाजूने बोलत होता, बायको मच्छीमारांच्या. मला दोघांचं पटत होतं, कारण माझं घर याच धंद्यावर चाललं आणि आत्ताच ते चर्च बघून आलो होतो. एवढंच म्हणालो, की इथे गाव उठवायला पंचवीस वर्षं घेतली आणि तरी त्याचं दुःख गेलेलं नाही.

परतताना कोलब्रांड पुलावरून गेलो. १९७४ चा देखणा पूल, पण खालची मोकळी उंची ५३ मीटर. आजची सर्वांत मोठी जहाजं त्याखालून जात नाहीत, म्हणून आता तोही बदलायचं ठरलंय.

मंगळवार

शेवटचा दिवस वेडेलला. हे शहराच्या हद्दीबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला. लोकलने आणि पुढे बसने. (शनिवारी सांगितलेलं बेट वेगळं, नावं कानाला सारखी लागतात.) १९५२ पासून इथल्या उपाहारगृहाच्या काठावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना मानवंदना देतात: झेंडा खाली-वर, जहाजाच्या देशाचं राष्ट्रगीत, आणि मग ध्वनिक्षेपकावर जहाजाची सगळी कुंडली. कुठे बांधलं, किती लांब, कुठून आलं. लोक केक खात ऐकतात.

तासाभरात लायबेरियाचं राष्ट्रगीत दोनदा वाजलं. दोन्ही जहाजांचा लायबेरियाशी संबंध कागदापुरता. नोंदणी तिथे स्वस्त पडते. भाचेसुनेला हे ऐकून फार मजा वाटली.

हॅम्बुर्गचं अख्खं राजकारण या पात्राच्या खोलीभोवती फिरतं. मुळात नदीवरचा हक्कच मजेशीर. बादशहा फ्रेडरिक बार्बारोसाने ७ मे ११८९ ला समुद्रापर्यंत जकातमाफी दिली म्हणून त्या तारखेला दर वर्षी बंदराचा वाढदिवस करतात, लाखो लोक जमतात. जो दस्तऐवज दाखवतात तो मात्र पाऊणशे वर्षांनंतर बनवलेला आहे, असं इतिहासकारांचं मत. बादशहा ११९० मध्येच वारलेला, विचारणार कोणाला? कागदपत्रांच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या अज्ञात कारकुनाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. तेव्हापासून आजवर नदी वारंवार खोल केली गेली. ताजं काम पर्यावरणवाद्यांबरोबरच्या लांबलचक कोर्टबाजीनंतर झालं आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी खोली खुली झाली: साडेतेरा मीटर बुडणारी जहाजं कधीही, साडेचौदाची फक्त भरतीची वेळ साधून. वेडेलपाशी पात्र मुद्दाम रुंद केलंय, दोन मोठी जहाजं एकमेकांशेजारून जावीत म्हणून. वर्ष संपायच्या आत गाळ इतका साचला, की परवानगीची खोली पुन्हा कमी करावी लागली. पात्र जितकं खोल करावं तितकी भरती जोरात आत येते आणि गाळ घेऊन येते. शतकापूर्वी हॅम्बुर्गमध्ये भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपास होता, आता जवळजवळ दुप्पट.

चारच्या सुमारास वरून एक चारशे मीटरचं जहाज आलं, समुद्राकडे निघालेलं. डेकवर कंटेनर भरपूर होते. भाचा म्हणाला, “फुल्ल दिसतंय.” मी दुर्बीण मागून घेतली आणि नाळेवरचे ड्राफ्टचे, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते दाखवणारे आकडे वाचले. पाण्याच्या वर लाल रंगाचा चांगला दोन-अडीच मीटरचा पट्टा दिसत होता.

“अर्धपोटी चाललंय,” मी म्हटलं. “यापेक्षा जास्त भरलं असतं तर इथून बाहेरच पडलं नसतं.”

“मग उरलेला माल कुठे घेणार?”

“रॉटरडॅमला. नाहीतर आता विल्हेल्म्सहाफेनला. २०१२ पासून तिथे समुद्रावरच बंदर आहे, हॅम्बुर्गने त्यात भाग घेतला नाही.”

“का नाही घेतला?”

“स्वतःची नदी होती ना,” बायको म्हणाली, आणि केकचं बिल मागवलं.